लोकसंगीत म्हणजे नेमकं काय? कवी ठाऊक असेल तर ते लोकगीत राहत नाही का?

राहतं. ‘कर्ता अज्ञात ते लोकगीत’ ही व्याख्या इतकी घोटली गेलीय की तिच्याशी भांडून मी थकलो. नाव हरवणं हा योगायोग, तो गाण्याचा गुण कसा? रचतं कुणीतरी एकच. पुढे लोक त्याचं काय करतात ते बघा.

१९५४ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने तीन कसोट्या धरल्या: सातत्य, बदल आणि समाजाने केलेली निवड. तयार गाणं उचललं आणि तसंच ठेवलं तर ते लोकसंगीत नव्हे, हेही तिथेच म्हटलंय. ते मात्र कुणी सांगत नाही.

एखादं गाणं या कसोट्यांना उतरतं का हे तपासायचंच असेल तर एकमेकांकडून न शिकलेल्या निदान तिघांकडून तेच गाणं घ्या. सगळी कडवी गाऊनच घ्या. नुसते शब्द विचारलेत तर चालीवाचून ओळी आठवत नाहीत आणि भरीचे शब्द गळतात. पहिल्या कडव्यावरून चाल लिहू नका, गायक तिथे अजून सूर चाचपत असतो. मग तिन्ही पाठ, म्हणजे तिघांनी गायलेली रूपं, एकाच स्वरावर संपतील अशा बेताने पट्टी बदलून एकाखाली एक मांडा. हंगेरीचा संगीतकार आणि लोकगीतांचा संग्राहक बार्टोक याने हंगेरियन चाली अशाच लावल्या होत्या. ओळींचे शेवटचे स्वर बऱ्याच अंशी जुळतायत, मधली वळणं मात्र निराळी, तर गाणं लोकांच्या हातून गेलंय. तिन्ही पाठ ध्वनिमुद्रिकेतल्या हरकतीसकट हुबेहूब असतील तर ते निव्वळ पाठांतर.

स्वर पेटीवर वाजवून लिहू नका. कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार बारा स्वरांत कुठल्यातरी एका बाजूला ढकलला जातो, आणि मग बिचारा गायक बेसूर ठरतो! लोकगीतं गोळा करणाऱ्या पर्सी ग्रेंजर या संगीतकाराने १९०६ मध्ये इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रण यंत्र वापरलं, तेव्हा एकच गायक कडव्यागणिक चाल बदलतो हे कागदावर नेमकं उतरलं. त्याआधी एका कडव्याची चाल टिपून संग्राहक मोकळे होत.

लोकगीत तोंडोतोंडीच पसरलेलं हवं, ही ‘मौखिक’ असण्याची अट मात्र शब्दशः घेऊ नका. इंग्लंडातली कितीतरी लोकगीतं छापील एकपानी पत्रकांवरून पसरली आणि नंतर तोंडोतोंडी बदलली. परिषदेनेही १९८१ मध्ये स्वतःच्या नावातला ‘लोक’ काढून ‘पारंपरिक’ घातलं, त्यामुळे शब्दावर फार अडू नये.

आणि कवी ठाऊक असेल तर पाठाखाली त्याचं नाव लिहा. ‘लोकगीतच आहे’ म्हणून ते गाळणाऱ्यांशीच माझं खरं भांडण आहे.