नांदेडहून अमृतसर किती लांब आणि पोहोचायला किती वेळ लागतो?

आईवडिलांना नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याहून सुवर्णमंदिराला न्यायचंय, म्हणून विचारलंत ना? मग सरळ सचखंड एक्सप्रेस धरा.

रेल्वेनं अंतर २,००० किमीच्या थोडं वर भरतं. गाडी सकाळी साडेनवाच्या सुमारास नांदेड सोडते आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते, म्हणजे साधारण ३५ तास धरून चाला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर हेच अंतर १,४०० किमीच्या आसपास येतं. फरक पडतो तो वळशामुळं. अमृतसर उत्तरेला, पण गाडी आधी परभणी, जालना, संभाजीनगर करत पश्चिमेला मनमाडला जाते आणि तिथून भुसावळ, भोपाळ, दिल्लीकडं वळते. मनमाडपर्यंतचे साडेतीनशे किमीच संध्याकाळ करतात, कारण या पट्ट्यात बराच मार्ग अजून एकेरी आहे. दिल्लीपासून पुढं अमृतसर आणखी साडेचारशे किमी राहतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट लंगर वाढतात. गरम डाळ, भाजी, कढी-भात, जे असेल ते. फक्त ताट-वाटी स्वतःची लागते, ती पिशवीत वरच ठेवा. म्हाताऱ्या माणसांना ते जेवण फार समाधान देतं, मी स्वतः पाहिलंय.

रस्त्यानं नागपूर, झाशी, दिल्लीमार्गे १,९०० किमीच्या आसपास पडेल. पण वयस्कर माणसं सोबत असताना वाटेत दोन मुक्काम धरल्याशिवाय निघू नका. रेल्वेनं थंडीत जाणार असाल तर दिल्लीच्या पुढं धुक्यानं गाडी रखडते, परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.