परसात पक्षी आणि फुलपाखरे यावीत, पण साप येऊ नयेत, यासाठी काय करावे?

आपल्या घरामागे दीड गुंठा मोकळी जागा आहे, तिथे पक्षी आणि फुलपाखरे यावीत म्हणून कोणते बर्ड फीडर टांगावे, कोणती झाडे लावावीत, आणि साप फिरकू नयेत म्हणून सगळी जमीन पेव्हर ब्लॉकने बंद करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू आहे. पेव्हर ब्लॉक मुळीच बसवू नका. ज्या जमिनीत किडा नाही, गांडूळ नाही, बेडूक नाही, तिथे पक्षी कशासाठी येतील? आणि जिथे हे सगळे आहे तिथे कधीतरी सापही येणारच. त्यातले अर्धे हवे आणि अर्धे नको, असे जमत नाही.

सातारा शहराच्या जुन्या भागात आमचे घर आहे. सासऱ्यांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा परसाचीही मधोमध वाटणी झाली. अर्धे आमच्याकडे आले, अर्धे धाकट्या दिरांकडे गेले. भाऊजींना स्वच्छतेची मनापासून आवड आहे, परंतु पाचोळ्याचे एक पानही दिसणार नाही अशी झाडलेली जमीन म्हणजेच स्वच्छ जमीन, असे त्यांचे ठाम मत आहे. आमच्या भागात पडक्या भिंतीच्या दगडांचा ढीग तसाच ठेवलेला आहे, लिंबू, कढीपत्ता, शेवगा, कण्हेर आणि अडुळसा आहेत, आणि मागच्या हद्दीला यजमानांच्या जन्माच्याही आधीपासूनचा उंबर आहे. या ढिगाऱ्यात एक धामण राहते हे मला ठाऊक होते. सकाळी ऊन आले की ती दगडांवर पसरून पडत असे, आणि मी धुणे वाळत घालायला गेले की शांतपणे फटीत निघून जात असे.

एका वर्षी ज्येष्ठात, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, संध्याकाळच्या सुमारास याच ढिगाऱ्याजवळ दोन लांबलचक साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले. शरीराचा पुढचा भाग जमिनीपासून चांगला वर उचललेला, एक दुसऱ्याचे डोके खाली दाबू पाहतो आहे, दुसरा निसटून पुन्हा वर येतो आहे, आणि आजूबाजूला माणसे जमली आहेत याचे त्या दोघांना भानही नाही. बघता बघता सारी आळी गोळा झाली. कोणी म्हणाले, नाग-धामणीचा जोडा आहे, यांच्यावर कोरे कापड टाकले आणि ते घरात जपून ठेवले की बरकत येते; एक मावशी खरोखरच कोरा खण घेऊन आल्या. दुसरीकडे दोन मुलांनी काठ्या आणल्या होत्या आणि एकाच्या हातात पहार होती. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, आज हा ढिगारा उपसायचाच. उद्या नागाची पिल्ले घरभर झाली तर जबाबदार कोण?" मी ढिगाऱ्याच्या आणि मुलांच्या मध्ये उभी राहिले आणि एवढेच म्हणाले, "भाऊजी, आधी काठ्या खाली ठेवायला सांगा. यात फणा कोणाचा दिसतो ते मला दाखवा, मग बोलू."

फणा कोणाचाच नव्हता, कारण त्यात नाग नव्हताच. थोड्या वेळाने शेजारच्या गल्लीतले सर्पमित्र आले आणि त्यांनी सगळ्यांना तिथेच उभे करून समजावून सांगितले की, हे दोन्ही धामण जातीचे नर आहेत आणि त्यांची झुंज चालली आहे. मादीवरच्या हक्कासाठी नर अशी ताकद आजमावतात, चावे घेत नाहीत, आणि हरलेला निघून जातो. धामण ही नागाची मादी आहे हा आपल्याकडचा समज पूर्णपणे चुकीचा आहे. नागांमध्ये नर-मादी दोन्ही असतात, धामणींमध्येही दोन्ही असतात, आणि या दोन वेगळ्या जातींचे मीलन होत नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते हेही खोटे आहे. सापाच्या तोंडाची रचना चोखून दूध पिण्याजोगी नसतेच. धामण बिनविषारी असते. अंगावर गेलात तर ती मान फुगवून गुरगुरते, पकडलीत तर कडकडून चावते, पण त्या चाव्यात विष नसते. डोळे मोठे आणि बाहुली गोल, वरच्या-खालच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा, आणि शेपटीकडच्या भागावर काळसर आडव्या रेघांची जाळी, या खुणा सुरक्षित अंतरावरून पाहून ठेवाव्यात. झुंज संपल्यावर एक साप उंबराच्या मुळांकडे गेला, दुसरा भिंतीवरून पलीकडे उतरला, आणि जमलेली माणसे आपापल्या घरी गेली.

भाऊजींचे समाधान झाले नाही. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी आपल्या भागातला पारिजातक काढला, जमीन ठोकून घेतली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लॉक बसवले. पुढे काय झाले ते आळीतल्या सगळ्यांनी पाहिले आहे. घुशींनी गटाराच्या बाजूने ब्लॉकखालची वाळू आणि माती उकरून काढली, ब्लॉक जागोजाग खचले, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या मोरीतून उंदीर आत येऊ लागले. उंदीर-घुशी वाढल्या त्याला उघडे गटार आणि रात्री बाहेर ठेवला जाणारा ओला कचराही कारण आहे, हे मी मान्य करते. परंतु उंदरांच्या बिळात शिरून त्यांना पिल्लांसकट खाणारा प्राणी साप हाच आहे. मांजराला तिथे शिरता येत नाही. भाऊजींनी मग विषाच्या वड्या टाकायला सुरुवात केली, आणि तिथे मात्र मी स्पष्ट विरोध केला. आमच्या उंबराच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे लहान घुबडांची, जोडी आहे. विषारी वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो सुस्तपणे उघड्यावर फिरत राहतो, आणि तसा उंदीर पिंगळ्याने उचलला की ते विष त्याच्याही पोटात जाते. आपल्याकडे उंदीर झाले तर पिंजरा लावा, विष नको.

आता पक्ष्यांविषयी. टांगायचे फीडर कोणते घ्यावे याचे माझे उत्तर, घेऊ नये, असे आहे. त्यात ज्वारी-बाजरी ठेवली की पहिल्यांदा कबुतरे येतात आणि शेवटपर्यंत तीच राहतात. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसांचे आजार होतात, आणि मुंबईत 2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून किती मोठा वाद झाला हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते. शिंपी, दयाळ, नाचण, कोतवाल या किडे खाणाऱ्या पक्ष्यांना तर तुमच्या दाण्यांचा काहीच उपयोग नाही. परसात पक्ष्यांनी केवळ येऊन न जाता घरटे करावे असे वाटत असेल, तर परसात अळ्या असल्या पाहिजेत, आणि अळ्या हव्या असतील तर पाने खाल्ली जाणे सहन केले पाहिजे.

आमच्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर दरवर्षी अळ्या होतात. लहान असताना ती अळी काळपट-पांढरी आणि ओबडधोबड असते, पक्ष्याची विष्ठा पानावर पडली आहे असेच वाटते, आणि त्यामुळे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेली नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. शेजारी हे पाहून फवारणीचा पंप आणून देतात. मी तो नाकारते. काही अळ्या शिंपी आपल्या पिल्लांसाठी नेतो, काही गांधीलमाश्या नेतात, आणि उरलेल्यांची फुलपाखरे होतात. लिंबाला लिंबे लागायची तेवढी लागतातच. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते, म्हणजे लिंबावर औषध मारणारा माणूस नीलवंत दिसत नाही अशी तक्रार करू शकत नाही. कण्हेरीच्या पानाखाली काळ्या फुलपाखराचा चकचकीत रुपेरी कोष लटकलेला सापडतो, रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या होतात, आणि पानफुटीसारख्या कुंडीत मावणाऱ्या झाडावरही फुलपाखरे अंडी घालतात. फुलांची झाडे सगळेच लावतात. अळ्यांना खाण्याची झाडे कोणी लावत नाही. घाणेरी मात्र लावू नका. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती बाहेरून आलेली आहे आणि आपल्या डोंगरउतारांवर तिने काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे.

शेवगा जरूर लावा. त्याच्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात, आणि वाळलेली फांदी लगेच तोडली नाही तर तांबट पक्षी तीत भोक पाडून घरटे करतो. पाचोळा जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी लोटून ठेवा. सातभाई पक्षी तो उलटापालटा करून किडे टिपतात आणि त्याखाली सापसुरळ्या राहतात. पाण्यासाठी मातीचे पसरट परळ पुरे, खोली बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये एखादा दगड ठेवावा म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदलावे आणि परळ आतून घासावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तुम्हीच कराल.

सापांची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या दंशाने माणसे दगावतात. घोणस डिवचली गेली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. तो ऐकल्यावर पाऊल पुढे टाकू नये. म्हणून दगडांचा ढीग किंवा सरपण घराच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, हद्दीच्या भिंतीकडे असावे, दाराजवळची पट्टी झाडून मोकळी ठेवावी, रात्री बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय परसात जाऊ नये, आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालू नये, कारण मण्यार रात्रीच फिरते. साप घरात शिरला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. स्वतः पकडायला किंवा मारायला जाऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलेले आहे. दंश झालाच तर मांत्रिक नको, आवळून दोरी बांधणे नको, जखमेवर चिरा नकोत. माणसाला फार हालचाल करू न देता 108 ची रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचवा.

उंबराविषयीही एक सांगायचे राहिले. फळे पिकली की त्यावर हरियाल, बुलबुल, तांबट आणि रात्री वटवाघळे येतात, पण दीड गुंठ्यात घराला लागून उंबर लावू नका, कारण त्याची मुळे घराच्या पायात शिरतात. भाऊजींचा हा एक आक्षेप खरा आहे आणि तो मी त्यांच्यासमोरही मान्य केलेला आहे. मात्र आधीच उभा असलेला उंबर तोडायचा असेल तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी लागते, आणि आमच्या हद्दीवरच्या उंबरासाठी त्या अर्जावर मी सही करणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.