वेस्ट केनेटला पहिल्यांदा जाताना

पहिलीच खेप असेल तर स्टोनहेंजच्या गर्दीत शिरण्याआधी इंग्लंडमधल्या एव्हबरी गावाजवळचं वेस्ट केनेट लाँग बॅरो, म्हणजे लांबट बांधाखालचं पुरातन सामूहिक थडगं, बघ. तिकीट नाही, फाटक नाही. ए-४ रस्त्याकडेला गाडी लाव आणि शेतातून चढणीच्या पायवाटेने सरळ वर जा. बूट मात्र चिखलाचेच घाल. मी साध्या बुटांत गेलो होतो, परतताना एकेका पायाला किलोभर चिखल!

लांबून नुसता गवताळ बांध दिसतो, फार तर शंभर मीटर लांब. निराश होऊ नकोस. पूर्वेच्या टोकाला प्रचंड शिळा उभ्या आहेत, त्यांच्यामागून आत वाट जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या आणि शेवटी एक. साडेपाच हजार वर्षांपूर्वी इथे किमान ३६ मृत माणसं ठेवली होती, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. टॉर्च ने, पण आत गेल्यावर दोन मिनिटं बंद कर. दगडाचा गारवा तेव्हाच कळतो.

मेणबत्ती मात्र लावू नकोस. लोक श्रद्धेने लावतात, पण काजळी आणि मेण दगडाला चिकटून बसतं.

समोर दिसते ती सिल्बरी टेकडी. तीही माणसांनीच रचलेली, पण आत कुणाचं दफन सापडलेलं नाही. तिच्यावर चढायला बंदी आहे.