डिस्क शेड्युलिंगमुळे, म्हणजे डिस्ककडे आलेल्या वाचन-लेखनाच्या मागण्या कोणत्या क्रमाने भागवायच्या हे ठरवण्यामुळे, साठवणुकीचा वेग खरोखर बदलतो का?

होय, पण हा फरक फिरत्या हार्ड डिस्कवरच ठळकपणे जाणवतो. हेड (माहिती वाचणारा-लिहिणारा सरकता भाग) 50व्या ट्रॅकवर (डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यावर) असताना 180, 20, 160 आणि 30 या ट्रॅकच्या मागण्या आल्या व त्या आलेल्या क्रमानेच भागवल्या, तर हेडला 560 ट्रॅक इतकी धावाधाव करावी लागते. प्रत्येक वेळी जवळची मागणी आधी घेतल्यास तेच काम 190 ट्रॅकमध्ये उरकते. आमच्या सोलापुरात चादरींचे गठ्ठे पोचवणारा टेम्पोवालाही सात रस्ता, होटगी रोड, पुन्हा सात रस्ता अशा खेपा घालत नाही. मात्र सतत जवळच्यालाच प्राधान्य दिल्यास दूरची मागणी ताटकळते, म्हणून लिफ्टप्रमाणे एका दिशेने जाऊन परतणारी स्कॅन पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हेडच नसल्याने हा हिशेब तिथे गैरलागू ठरतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एनव्हीएमई (वेगवान एसएसडी जोडण्याची पद्धत) डिस्कसाठी बहुधा ‘नन’, म्हणजे शेड्युलिंग नको, हाच पर्याय ठेवलेला असतो.