पार्ट बदलण्याआधी मोजा: बडोदेकरांचे गाडीचे प्रश्न

या वेळी एकट्या बडोद्यातनंच इतकी पत्रं आलीत की बाकी गावांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, बहुतेकांनी विचारायच्या आधीच काहीतरी बदलून टाकलेलं असतं, बॅटरी म्हणा, बल्ब म्हणा, प्लग म्हणा, आणि त्रास मात्र तसाच. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच पण खरा बिघाड आत तसाच राहतो त्याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून आज मी सारखं मोजायला सांगणार आहे. एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं मीटर) आणि हवा मोजायचं गेज एवढं घरात हवंच.

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही समाला राहतो. मुलीला कॉलेजसाठी सेकंडहँड पेट्रोल गाडी बघतोय. 2019 ची एक खूपच स्वस्तात मिळतेय, चकाचक आहे, पण 2024 च्या पुरात बुडालेली असली तर? विकणारा म्हणतो गाडी तेव्हा बाहेरगावी होती. आणि पुन्हा पाणी आलंच तर आपण काय करायचं?

उत्तर: दादा, शंका अगदी बरोबर आहे. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर गेली, आणि समा, फतेगंज, अकोटा भागात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. अशा गाड्या बरेचदा इन्शुरन्समध्ये टोटल लॉस होतात, मग भंगाराच्या भावात विकल्या जातात आणि धुऊनपुसून परत बाजारात येतात. पॉलिशवर जाऊ नका. आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, कारण गाडी धुणारा माणूस तिथपर्यंत सहसा जात नाही आणि पाणी कुठवर चढलं होतं त्याचा मातकट डाग त्या पट्ट्यावर राहतो. मग ड्रायव्हरच्या दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली फोमला हात लावा, बारीक गाळ बोटाला लागतो. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर, हे टॉर्च लावून बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पांढरं काही दिसलं तर तिथेच नमस्कार करून परत या.

अजून एक, आणि हे मुलगी चालवणार म्हणून जास्त कळकळीनं सांगतो. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांमध्ये पुढच्या दोन सीटांच्या मधे, कन्सोलखाली, म्हणजे जवळजवळ फ्लोअरलाच असतो, त्यामुळे आत पाणी आलं की तो लवकर भिजतो. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझायला हवा. पेटलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय असं समजा. कागदांमध्ये 2023 पासूनच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, वाचा. 2024 नंतरच्या पॉलिसीत तो एकदम शून्यावर आलेला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारायचं. आणि गाडी खरंच बाहेरगावी होती तर त्या दिवसांचं सर्व्हिसचं किंवा टोलचं काहीतरी निघेलच की.

आता पाणी आलं तर. गाडी बुडाली असेल, नुसती सायलेन्सरच्या वर पाणी येऊन गेलं असेल, तरी सेल्फ मारायचा नाही. घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं एकदा लावून तर बघू, आणि तिथेच इंजिन जातं. पिस्टन हवा दाबतो, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरलं की बॅटरीची निगेटिव्ह काढायची, फोटो काढायचे, इन्शुरन्सला कळवायचं आणि गाडी उचलून न्यायची, ऑटोमॅटिक असेल तर टोचन करू नका, फ्लॅटबेडच मागवा. ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. पाणी शिरलेलं असताना गाडी चालू केली म्हणून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, आणि तेही घेताना अटी वाचूनच घ्या. नदीकाठच्या सोसायटीत राहताय तर ते पैसे वाचवू नका.

प्रश्न: काका, मांजलपूरहून लिहितोय. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. गॅरेजवाले म्हणतात डायनॅमो बदला. बदलू का?

उत्तर: थांबा थोडं. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मीटर लावा, 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग गाडी चालू करून परत बघा, 13.8 ते 14.4 दाखवत असेल तर डायनॅमो आपलं काम करतोय, बदलायचं कारण नाही. (हल्लीच्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो, घाबरू नका.) तुमच्या वर्णनावरून मला वाटतं उभ्या गाडीत करंट कुठेतरी जातोय. बॅटरीची निगेटिव्ह काढून मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून ती काढलेली वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मधे जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास हात लावू नका, आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल. 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. समजा 300 दाखवला, तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, तीन दिवसांत एकवीस, आणि गाडी लहान असेल तर बॅटरीच 35 अँपिअर-अवरची, मग सेल्फ कसा उचलेल? आता एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल त्या लाइनवर चोर आहे. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला स्टिरिओ यांच्यावर माझा पहिला संशय.

प्रश्न: काका, मी कारेलीबागला राहतो, नोकरी हालोलला, रात्री घरी येताना समोरचं नीट दिसत नाही. एलईडी बल्ब टाकू की 100/90 वॅटचे हॅलोजन? मित्र म्हणतात एलईडीच टाक.

उत्तर: दोन्ही नको रे बाळा. आधी हेडलाइटची काच बघ, ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं आणि आपल्याकडच्या उन्हात ते पिवळं पडतं, मग आत कुठलाही बल्ब टाकला तरी उजेड तिथेच विखुरतो. रविवारी दोन तास काढ. भोवती मास्किंग टेप लाव, पाणी मारत मारत 1000 चा पॉलिश पेपर, मग 2000, मग 3000, आणि शेवटी पॉलिश. त्यावर यूव्हीचा थर दिलाच पाहिजे, नुसतं पॉलिश करून सोडलं तर काही महिन्यांत परत पिवळं.

मग मोज. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर व्होल्टेज घे आणि मग बल्बच्या मागच्या कनेक्टरवर घे. बॅटरीवर 14 आणि बल्बवर 12.6 आले तर वायरिंग आणि स्विच मिळून दहा टक्के खाताहेत, आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. त्याला औषध म्हणजे रिले किट (रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच), बॅटरीवरून फ्यूज लावून सरळ जाड वायर बल्बपर्यंत, जुना स्विच फक्त रिले चालू करायला. चांगल्या कंपनीचा साधा 60/55 वॅटचा बल्बसुद्धा मग बघ कसा दिसतो. 100/90 टाकलास तर मूळ वायर आणि होल्डर वितळतो, मी वितळलेले होल्डर हातात घेऊन बघितलेत. एलईडीचं म्हणशील तर हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, एलईडीची चिप त्या जागी, त्या आकारात नसते, म्हणून उजेड वर फाकतो आणि समोरून बाइकवर येणाऱ्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही. तुला दिसावं म्हणून त्याला आंधळं करायचं हे मला पटत नाही, आणि नियमातही बसत नाही. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची उंची लाव, हे तर बहुतेक कुणी करतच नाही.

प्रश्न: कूलंट संपलं तर बोअरचं पाणी टाकलं तर चालतं का?

उत्तर: रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं चालेल, कायमचं नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मंनिम्मं, रेडीमिक्स असेल तर तसंच ओता. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेनं चेहरा भाजतो. आणि एकदा भरल्यावर परत कमी झालं तर ते कुठे जातंय ते शोधा.

प्रश्न: स.न.वि.वि. बाबांची 1996 ची मारुती 800 दांडिया बाजारच्या वाड्यात जपून ठेवलीय, महिन्यातून एखाद वेळेस काढतो. आता सगळीकडे ई-20 पेट्रोल, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. पिकअप कमी झालाय आणि पेट्रोलचा वास येतो. गाडी विकायची नाहीये.

उत्तर: विकू नकाच! 796 सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन घरी काम शिकायला इतकं सोपं आहे की माझं चाललं तर प्रत्येक मुलाला त्यावरच शिकवीन. पण वास येतोय ना, मग आजपासून दुरुस्त होईपर्यंत गाडी चालू करू नका, आधी रबरी पाइप बघा. त्या काळातलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं नाहीतर भेगाळतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप, क्लिपासकट, इथेनॉल चालणाऱ्या फ्युएल होजचे टाका, फिल्टर बदला, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किटही. काम मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, जवळ अग्निशामक ठेवून, आणि वाड्यात कुणाची शेगडी किंवा देवाजवळचा दिवा पेटलेला नाही ना ते बघून.

पिकअपचं कारण असं की इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लग काढून बघा, टोक पांढरट असेल तर पातळ, फिकट तपकिरी असेल तर ठीक. मिक्श्चरचा स्क्रू सुधारतो फक्त आयडलिंगला, चालत्या गाडीचं मिश्रण जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) ठरतं, ते मात्र कार्बोरेटरचा जाणता माणूस गाठून करा. अ‍ॅव्हरेज थोडा पडणारच, नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा जुन्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिन्यातून एकदा नको, दर आठवड्याला अर्धा तास तरी फिरवून आणा. आरसीचं नूतनीकरण 15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांचं असतं, तारीख बघून ठेवा.

प्रश्न: काका, मी वाघोडिया रोडला राहते. ऑइल आणि फिल्टर मला स्वतः बदलायचाय, घरचे म्हणतात हे बायकांचं काम नाही. काय काय लागेल?

उत्तर: ताई, घरच्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा, पाना कुणाच्या हातात आहे ते इंजिन विचारत नाही. मात्र एका गोष्टीत मी जराही सूट देणार नाही. गाडीबरोबर मिळतो तो जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हातसुद्धा घालायचा नाही. दोन जॅक स्टँड विकत घ्या, सपाट काँक्रीटवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना अडण लावून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच स्टँड लावा आणि आत जाण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघा. विटा, लाकडाचे ठोकळे चालणार नाहीत.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच, 0डब्ल्यू-20 लिहिलंय तर तेच, आपल्याकडे गरम असतं म्हणून जाड टाका असं कुणीतरी सांगेल, ऐकू नका. इंजिन कोमट असताना काढा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन, बोल्ट आधी बोटांनी फिरवून बसवा आणि मग टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर जास्त ताकद लावली की आटे जातात आणि खर्च वाढतो. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना बघा, नव्याच्या रबराला थोडं ऑइल लावा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमीच ओता, इंजिन दोन मिनिटं जागीच चालू ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग वरची खूण गाठा. जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या, गटारात नाही. ब्रेक, एअरबॅग आणि सीएनजीची लाइन मात्र अजून हातात घेऊ नका, ते शिकलेल्या माणसाशेजारी उभं राहून शिकायचं काम आहे.

प्रश्न: टायरचे आटे भरपूर आहेत, मग पंक्चरवाला बदला का म्हणतो?

उत्तर: टायरच्या बाजूवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा, 2316 असेल तर तो 2016 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. इतक्या जुन्या टायरला बाजूला बारीक भेगा दिसतातच, आट्यांची खोली नियमातल्या किमान 1.6 मिलिमीटरच्या वर असली तरी. अशा टायरवर अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेला जाऊ नका, पंक्चरवाला बरोबर सांगतोय.