जुने मशीन दुरुस्त करावे की हप्त्यांवर नवे घ्यावे?

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : "आमच्या चौघांच्या घरात नऊ वर्षांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. ते गळू लागले असून दुरुस्तीचा खर्च १,८०० रुपये सांगितला आहे. दुकानदार म्हणतो की, ३४,००० रुपयांचे फ्रंट-लोड मशीन बारा बिनव्याजी हप्त्यांवर घेतल्यास पावडर, पाणी आणि वीज यांतून पैसे वसूल होतील. काय करावे?"

ताई, आपण हिशेबाचे आकडे सोबत पाठवलेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले. दरमहा पावडरीचे ४००, कंडिशनरचे १६० आणि मशीनच्या विजेचे अंदाजे ४० असे एकूण ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२००. जेवढा खर्च होतो त्यापेक्षा अधिक बचत कोणतेही यंत्र करून देऊ शकत नाही. नव्या मशीनने यातला निम्मा खर्च वाचवला, असे अगदी उदारपणे धरले, तरी वर्षाकाठी ३,६०० रुपये सुटतील आणि दुरुस्ती व खरेदी यांतला ३२,२०० रुपयांचा फरक भरून निघायला जवळपास नऊ वर्षे लागतील.

शिवाय निम्मा खर्च वाचणार नाही. आपल्या सध्याच्या मशीनला हीटर नाही, नव्यात आहे. १५ लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते; आपल्याकडे महिन्यात १७ वेळा मशीन लागते, तेव्हा प्रत्येक वेळी गरम पाण्याचा पर्याय निवडल्यास केवळ त्यापायी आठ-नऊ युनिट वाढतील. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढत असल्याने हे वाढीव युनिट महागड्या टप्प्यातही पडू शकतात. थंड पाण्यातच धुणार असाल तर हा मुद्दा बाद होतो; पण मग हीटरसाठी पैसे मोजण्याचे कारणही उरत नाही.

पाण्याच्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही, कारण फ्रंट-लोडला पाणी खरोखरच कमी लागते. मात्र आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि आपण लिहिल्याप्रमाणे शेवटच्या खळबळण्याचे पाणी पुढच्या कपड्यांना किंवा फरशीला वापरता, ही सोय सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हाताशी असते. बोअरचे जड पाणी वापरणार असाल, तर हीटरवर क्षार साचतात हेही विसरू नये.

आता हप्त्यांविषयी. बिनव्याजी कर्ज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी दडलेले असते. आपल्या बाबतीत ते रोखीवर मिळणाऱ्या १,५०० रुपयांच्या सवलतीत आहे, कारण हप्ते घेतले की ती मिळत नाही. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि शुल्कावरील १८ टक्के जीएसटी वेगळा.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिलेला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला : इस्त्रीचे दरमहा ९०० रुपये. सहा रुपयांप्रमाणे १५० कपडे होतात आणि वर्षाचे १०,८०० रुपये, म्हणजे धुण्यापेक्षा इस्त्री महाग! नवे मशीन यातला एक रुपयाही वाचवणार नाही. गणवेश आणि कामावर जायचे कपडे इस्त्रीला जरूर द्यावेत. पण चादरी, अभ्रे आणि घरात वापरायचे कपडे ओले असतानाच झटकून, ताणून वाळत घातले आणि दोरीवरून काढल्याबरोबर घडी केली, तर भागते. (आमच्या घरी एकेकाळी टॉवेलांनाही इस्त्री होत असे, का, ते आजतागायत कळलेले नाही.) कपडे १५० वरून ९० वर आले, तरी महिन्याला ३६० रुपये सुटतात, आणि तेही काहीही विकत न घेता.

पावडर अंदाजाने न ओतता चमच्याने मोजून घालावी आणि महिनाभर पाव हिस्सा कमी करून पाहावे. कपडे नीट निघत असतील तर तेच प्रमाण ठेवावे. टॉवेलांना कंडिशनर घालणे थांबवावे, कारण त्याने ते पाणी कमी टिपतात.

म्हणून माझे मत दुरुस्तीच्या बाजूने आहे. तरीही शाळेतून आल्यावर कपडे एका टबातून दुसऱ्या टबात टाकत उभे राहण्याचा आपल्याला कंटाळा आला असेल, तर तेही नवे मशीन घेण्याचे रास्त कारण आहे. फक्त त्या खर्चाला बचत न म्हणता सोय म्हणावे आणि तो आधी साठवलेल्या पैशातून करावा. दरमहा २,८०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते आजच उघडल्यास वर्षभरात ३३,६०० रुपये आणि वर व्याज जमेल. मग रोखीची सवलतही आपलीच. वर्षभरानंतर विचार बदलला, तर पैसे आपल्याकडेच असतील.

१,८०० रुपये देण्यापूर्वी मात्र कारागिराला मशीनचा तळ उलटून पाहायला सांगावे. गळती नळी किंवा सीलमधून असेल तर दुरुस्ती करून घ्यावी आणि बदललेल्या भागांची हमी बिलावर लिहून घ्यावी. टबालाच तडा गेला असेल, तर हा खर्च करू नये आणि वर्षभर न थांबता दुसरे साधे सेमी-ऑटोमॅटिक मशीन रोखीने घ्यावे.