ईसी मीटर: स्क्रू फिरवायच्या आधी

हायड्रोपोनिक्सवाल्यांचे (म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यावर पिकं घेणाऱ्यांचे) या महिन्याचे प्रश्न बघितले तर जवळजवळ सगळे मीटरचेच, त्यामुळे खतांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : गच्चीवर एनएफटीचे पाईप (ज्यांतून खताचं पाणी पातळ धारेने वाहत राहतं) लावून लेट्यूस करते. माझ्याकडे पाण्यातले विरघळलेले क्षार बघायची दोन टीडीएस पेनं आहेत, एकाच टाकीत बुडवली की एक 700 दाखवतं आणि दुसरं 980. कुठलं फेकू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकही नको. मुळात हे पेन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत क्षारांचे किती भाग, ते मोजतच नाही हो, पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतं, म्हणजे ईसी, आणि मग आतल्या आत गुणाकार करून पीपीएम म्हणून आकडा दाखवतं. काही कंपन्या 500 ने गुणतात, काही 700 ने. तुमच्या टाकीची ईसी 1.4 मिलिसीमेन्स (हे ईसीचं माप) असेल तर पहिल्या हिशोबाने 700 येतात, दुसऱ्याने बरोब्बर 980. म्हणजे दोघांचं आपसात एकमत आहे, आता ते दोघं मिळून खरं सांगतायत का हे मात्र स्टँडर्ड द्रावणात, म्हणजे ज्याची ईसी आधीच माहीत आहे अशा द्रावणात, बुडवल्याशिवाय कळणार नाही.

माझं ऐकाल तर पेनाचं बटण दाबून ते ईसीवर आणा आणि पीपीएम विसरा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितं "मी 980 ठेवतो, मस्त येतंय", त्याचं पेन 700 वालं, तुमचं 500 वालं, तुम्ही 980 होईपर्यंत खताची ए आणि बी द्रावणं ओतत राहता आणि टाकी जाते थेट 1.96 वर, मग उन्हाळ्यात लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की बियाण्याला शिव्या.

प्रश्न : ईसी मीटर कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्याचा आकडा जुळवून घ्यायला, 1413 च्या स्टँडर्ड द्रावणाची बाटली आणली. खोलीत 30 अंश आहे. बुडवला तर मीटर 1550 च्या आसपास दाखवतोय. मागचा स्क्रू फिरवून 1413 वर आणू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आत्ता नका फिरवू. 1413 हा आकडा मायक्रोसीमेन्समधला, म्हणजे 1.413 मिलिसीमेन्स, आणि तो 25 अंशाचा आहे. पाणी तापलं की वीज जास्त वाहते, एका अंशाला साधारण दोन टक्के, म्हणून तेच द्रावण 30 अंशाला 1550 च्या जवळपास जातं. बाटलीच्या लेबलवर बहुतेक वेळा तापमानाचा तक्ता छापलेला असतो, तो बघा. तुमच्या मीटरमध्ये तापमानाची आपोआप दुरुस्ती नसेल, ज्याला एटीसी म्हणतात ती, तर तो बिचारा खरंच सांगतोय आणि स्क्रू फिरवलात की बिघडवाल. पण एटीसी असेल तर त्याने 30 अंशालाही 1413 च दाखवायला पाहिजे, मग मात्र गडबड आहे.

एटीसी आहे की नाही ते माहीत नसेल तर त्या वादात पडूच नका. थोडं द्रावण छोट्या ग्लासात घ्या, ग्लास माठातल्या गार पाण्याच्या वाडग्यात ठेवा आणि थर्मामीटरवर 25 आलं की मीटर बुडवा, मीटर कुठलाही असो, इथे 1413 च यायला हवेत.

तरी नाही आले तर? तरीही स्क्रू नाही, आधी प्रोब, म्हणजे मीटरचं बुडवायचं टोक, धुवायचा. इथेच लोक चुकतात, प्रोबवर खताच्या क्षारांचा थर बसलेला असतो आणि त्या थरासकट कॅलिब्रेट करून टाकतात, मग महिन्याभराने थर निघाला की आकडे पुन्हा पळतात. मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाचं पाणी, पांढरा थर चिवट असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवून झटकायचा. धुवायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते पाणीही चालतं. बुडवल्यावर ग्लासच्या तळाशी दोनदा टकटक करा, कारण दोन पिनांच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकला की आकडा कमी येतो. आकडा स्थिर होऊ द्या. एवढं करूनही फरक राहिला तर खुशाल फिरवा स्क्रू.

आणि वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका, जीवावर येतं माहीत आहे, पण नाही.

प्रश्न : हे 1413 चं द्रावण पोटॅशियम क्लोराईडचंच असतं म्हणे. मग कृषी केंद्रातल्या पोटॅशपासून घरी करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खताचं पोटॅश नको, तो लाल रंग अशुद्धीचा असतो आणि मिठाचाही अंश असतो. लॅब ग्रेडचं कोरडं पोटॅशियम क्लोराईड मिळालं तर होतं. एका लिटरमध्ये 0.746 ग्रॅम लागतं, पण एवढं घरच्या काट्यावर मोजणं अवघड, म्हणून सराफाकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर 7.46 ग्रॅम मोजा, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एक लिटर करा, हे झालं 12.88 मिलिसीमेन्सचं द्रावण. त्यातलं 100 मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एक लिटर केलं की 1413. पॉलीहाऊसमध्ये पाच-सहा मीटर असतील तर करा हा उद्योग, एका पेनासाठी तयार बाटलीच स्वस्त पडते.

प्रश्न : पीएचचं पेन डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवते, तरी दर आठवड्याला आकडा सरकतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तरी नाही, म्हणूनच. डिस्टिल्ड पाण्यात काचेच्या इलेक्ट्रोडमधले क्षार बाहेर ओढले जातात आणि तो लवकर म्हातारा होतो. टोपीत 3 मोलर पोटॅशियम क्लोराईडचं स्टोरेज द्रावण घाला, अगदीच नसेल तर 4.01 चं बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण. ईसीचा प्रोब कोरडा राहिला तर चालतो, पीएचचा नाही. पेनाबरोबर ज्या 6.86 आणि 4.01 च्या पुड्या येतात त्यांच्यावर किती मिली पाणी ते लिहिलेलं असतं, बहुतेक 250, तेवढंच घ्या. आधी 6.86, धुवा, मग 4.01. आपल्याला 5.5 ते 6.5 मध्येच राहायचंय, म्हणून ही जोडी पुरते, 9.18 ची पुडी पडून राहिली तरी बिघडत नाही. नवीन बफरमध्येही आकडा बराच वेळ सरकत राहिला तर इलेक्ट्रोड संपला समजा, साधारण एक-दोन वर्षं जातात.

हो, एकाच ग्लासात दोन्ही मोजणार असाल तर ईसी आधी, पीएच नंतर. पीएचच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराईड थोडं थोडं झिरपतं आणि ईसी उगाच वाढलेली दिसते.

प्रश्न : मीटर परवाच कॅलिब्रेट केला, तरी टाकीची ईसी रोज वाढतेय. खत घातलेलंच नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मीटर ठीक आहे. झाडं खतापेक्षा पाणी जास्त पितायत, उरलेलं द्रावण घट्ट होतंय. टाकीची पातळी बघा, उतरली असणार. साध्या पाण्याने भरा, पंप अर्धा तास फिरू द्या आणि मग मोजा, पाणी बोअरचं असेल तर त्याची ईसी आधी वेगळी मोजून ठेवा.